सरहद्द पाहून आलेला मामा

मुलुंड (पूर्व),
ता. २९ सप्टेंबर १९८६

चि. जयवंत यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. तिकडचंही ठीक असणार, कारण पत्राची दोन पानं तू नुसत्या कोबीच्या लोणच्याला शिव्या घालण्यात घालवली आहेस. आजारी माणसाला एवढा उत्साह नसतो.

मरोळच्या तुझ्या कारखान्याने प्लॅस्टिकच्या बादल्या पाडायचं नवं यंत्र घेतलं आणि ते शिकायला माझा भाऊ तीन महिने कोरियाला गेला, हे मी आमच्या सगळ्या बिल्डिंगला सांगितलं आहे. फक्त बादल्या गाळल्या. समोरच्या शकुमावशी तुला विमानं दुरुस्त करणारा समजतात. समजू देत, आपलं काय जातंय.

पण पुढच्या सुट्टीला तुला बसमधून त्यांची उत्तर-दक्षिण कोरियाची सरहद्द दाखवायला नेणार आहेत, हे वाचून मात्र मला आणि ह्यांना हसू आवरेना. अरे, त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? वाकोल्याच्या चाळीत तुझी खोली आणि दादाची खोली भिंतीला भिंत लावून आहेत, आणि गॅलरीत मधोमध सहा वर्षं प्लायवूड उभं आहे. ते काय शोभेला लावलंय? तिथेही तुम्ही दोघं आपापल्या बाजूला खुर्ची टाकून पहारा देता. दादाला तर आता सवयच झाली आहे. गिरणी सुटल्यापासून दिवसभर साकीनाक्याच्या वर्कशॉपच्या गेटवर वॉचमन, आणि घरी आला की प्लायवूडचा वॉचमन. तुमच्या बायका मात्र फळीवरून आमटीच्या वाट्या देतात-घेतात, त्याला तुमची हरकत नसते. आमटीला पासपोर्ट लागत नाही वाटतं.

आता मुद्द्याचं. अनूचं लग्न ठरलं. ७ डिसेंबर, रविवार, मुहूर्त अकरा चाळीसचा. मुलगा घाटकोपरचा, टेलिफोन खात्यात आहे, त्यामुळे त्यांच्या घरी फोन असून तो चालतोसुद्धा. व्याह्यांनी विचारलं, मामा किती, टोपी-उपरणं किती आणायची. मी म्हटलं दोन. आपल्यात मुलीला गौरीहरापासून अंतरपाटापर्यंत मामा आणतो, आणि मामा दोन असले की एक डावीकडे, एक उजवीकडे. एवढी साधी गोष्ट. दादाला सांगायला गेले तर म्हणतो, जयवंत शेजारी उभा राहणार असेल तर मी मागे खुर्चीत बसेन. तूही हेच लिहिणार, ते मला ठाऊक आहे. अनूने दोघांसाठी निरोप दिला आहे की आणायचं तर दोघांनी मिळून आणा, नाहीतर मी एकटी चालत येईन, मला पाय आहेत. ती खरंच येईल रे. पोरीने मामा असून एकटीने यावं, हे मला सोसणार नाही. तेव्हा विचार करून लिही.

तब्येतीला जप. माझा लोभ तुझ्यावर आहेच, तो तू मागायची वाट मी बघत नाही.

तुझी,
सुलक्षणाताई


इंचॉन,
ता. १२ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस,

जयवंतचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं. अनूच्या लग्नाचं वाचून खूप आनंद झाला. त्यानंतरची दोन पानं वाचून तो नेहमीच्या मापात आला.

माझं विमान २८ नोव्हेंबरचं आहे, तेव्हा लग्नाला मी येणार. पण दादाच्या शेजारी उभं राहायचं सांगू नकोस. सहा वर्षांपूर्वी आई गावी वारली तेव्हा तो तिथे होता आणि मी वाकोल्यात. प्रेमा दिवसभर घरात बसून होती, आणि ह्याने तार केली ती मरोळच्या कारखान्याच्या पत्त्यावर. रविवारी. कारखान्याला कुलूप. सोमवारी तार हातात पडली, मंगळवारी गावात पोचलो तेव्हा राख गार झाली होती. माझी आई मला शेवटची दिसली नाही, ताई. ह्यावर तो एक शब्द बोललेला नाही. मग मीही प्लायवूड आणलं.

असो. सरहद्द बघून आलो. ऐक.

आमच्या कारखान्याचे किमसाहेब मला सेऊलच्या हॉटेलापर्यंत सोडायला आले. साठीचे गृहस्थ, इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमतं. बसमध्ये मात्र ते चढले नाहीत. ही सहल परदेशी पाहुण्यांसाठी. देश त्यांचा, सरहद्द त्यांची, आणि बघणार कोण, तर वाकोल्याचा जयवंत.

बसमध्ये आधी कपड्यांची तपासणी. जीन्स नको, चपला नकोत. मी तुझ्या लग्नातला कोट घातला होता. चंद्रप्रकाशरावांना आठवेल, त्यांच्याहून मी भारी दिसत होतो तोच. मग एका कागदावर सही. त्यात लिहिलं होतं की तुम्ही शत्रूच्या हद्दीजवळ जात आहात, जखम किंवा मृत्यू झाल्यास आम्ही जबाबदार नाही. सहलीला निघताना असा प्रेमळ कागद मी पहिल्यांदाच पाहिला. पुढे एका गोऱ्या सार्जंटने नियम सांगितले: पलीकडच्या शिपायांकडे बोट दाखवायचं नाही, हात हलवायचा नाही, हसायचं नाही, ते फोटो काढतात आणि त्याचा भलता अर्थ लावतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दोन्ही बाजूंना एकेक गाव आहे आणि गावात झेंड्याचा एकेक खांब. ह्यांनी उंच उभारला म्हणून त्यांनी त्याहून उंच उभारला. तू हसशील, पण मला आमची टीव्हीची अँटेना आठवली. दादाने बांबू लावला तेव्हा मी पाइप लावला होता. पलीकडच्या गावातल्या इमारतींमध्ये म्हणे कोणी राहतच नाही, नुसता रंग दिलेला. आणि दिवसभर लाउडस्पीकर. समोरचा ऐकतो की नाही ह्याची कोणाला पर्वा नाही.

मग आली ती खोली. निळ्या रंगाची बैठी खोली, मधोमध लांब टेबल, टेबलावरून माइकची वायर गेलेली. वायरच्या ह्या बाजूला एक देश, त्या बाजूला दुसरा. वायर! आपलं प्लायवूड त्यामानाने फार मजबूत. पाहुण्यांना टेबलाला वळसा घालून दुसऱ्या देशात पाच मिनिटं उभं राहता येतं. दोन जर्मन गेले, एक जपानी म्हातारी गेली, मग मी. आणि इथे ताई, माझ्या हातून जे झालं ते तुला कळेल, तिथे कोणालाच कळलं नाही. हद्द ओलांडताना मी वाकलो, जमिनीला हात लावला आणि कपाळाला लावला. बाबांनी आपल्याला गावच्या शिवेवर एष्टीतून उतरवून शिकवलं होतं ना, शीव ओलांडायची तर आधी राखणदाराला नमस्कार, तेच. डोक्यात काही नव्हतं, हातानेच केलं.

झालं! खिडकीबाहेर पलीकडचे दोन शिपाई कॅमेरा घेऊन धावले. आतला आमचा शिपाई पुतळ्यासारखा उभा होता, तो हलला. सार्जंटने मला दंडाला धरून बाहेर आणलं. बस पाऊण तास थांबवली. मी कोणाच्या पाया पडलो, इकडच्या की तिकडच्या, हे लेखी द्या म्हणाले. मी लिहून दिलं की आमच्याकडे शिवेवर एक राखणदार असतो, तो दिसत नाही, आणि तो दोन्ही बाजूंचा असतो. सार्जंटने ते तीनदा वाचलं आणि कोणत्या बाजूचा ह्या रकान्यात काय भरायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने रेघ मारली. ती जपानी म्हातारी परतीच्या वाटेवर मला घाबरून मागे जाऊन बसली.

किमसाहेब हॉटेलात वाट बघत होते. मला वाटलं आता हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं की पलीकडे साधे लोक दिसले का, साधारण सत्तरीचा कोणी. त्यांचा थोरला भाऊ तिकडे राहिला, छत्तीस वर्षं झाली. पत्र जात नाही, तार जात नाही, आहे की नाही तेही ठाऊक नाही. मी म्हटलं, फक्त शिपाई दिसले. मग त्यांनी विचारलं, तुला भाऊ आहे का, कुठे असतो. मी म्हटलं, आहे, शेजारच्या खोलीत. ते म्हणाले, फार नशीबवान आहेस. मी मान खाली घालून चहा प्यालो. ह्यावर तू काही लिहू नकोस.

प्रेमाला पैठणीऐवजी इथला थर्मास आणतोय, ते तूच तिला हळूहळू सांग. चंद्रप्रकाशरावांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे, फक्त टोमणे थोडे कमी पाठव, वजन वाढलं की टपाल उशिरा येतं.

तुझा,
जयवंत


मुलुंड (पूर्व),
ता. २५ ऑक्टोबर १९८६

चि. जयवंत यास,

आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. त्यावर काही लिहू नकोस म्हणालास, म्हणून लिहीत नाही. एवढंच विचारते की मध्ये प्लायवूड आहे हे किमसाहेबांना सांगितलंस का? नाही ना? मग परदेशात खोटं बोललास, हे लक्षात ठेव.

रविवारी फराळाच्या भाजण्या घेऊन वाकोल्याला गेले. प्रेमा आणि शेवंतीवहिनी दोघी गॅलरीत, एक फळीच्या अलीकडे, एक पलीकडे. दादा पलीकडे खुर्चीत बसून ड्युटीच्या बुटांना पॉलिश करत होता. मी तुझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. प्रेमाला वाचून दाखवत होते हो, दुसऱ्या कोणाला नाही. माझा आवाजच तसा आहे.

दादा ऐकत नव्हता. फक्त पॉलिशचा ब्रश थांबला होता. तू राखणदाराच्या पाया पडलास ते वाचलं तेव्हा शेवंतीवहिनी हसू लागल्या, आणि फळीपलीकडून दादाचा आवाज आला, की राखणदाराच्या पायां पडताना पायतणां काढूक व्हयी होती, बूट घालून कोण पडता? सहा वर्षांत तुझ्याबद्दल तो पहिल्यांदा बोलला आणि बोलला ते हे. पण बोलला. प्रेमाच्या हातातली वाटी खाली पडली. चांगली स्टीलची होती, वाचली.

तारेचं तू लिहिलेलं मी वाचलं नाही, गाळलं. पण निघताना दादा जिन्यापर्यंत आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, की तार घरी का नाही केलीस. त्याने सांगितलं, की तेव्हा तू दर रविवारी ओव्हरटाइम करत होतास, त्याला वाटलं कारखान्यात तू लगेच सापडशील. नेमका त्या रविवारी ओव्हरटाइम नव्हता. मी म्हटलं, हे त्याला का नाही सांगितलंस. तर म्हणतो, त्याने आल्या आल्या विचारलं नाही, ओरडला. आणि मग प्लायवूड आलं. दोघंही धन्य आहात. बाबा असते तर दोघांना एकेक देऊन एका खोलीत कोंडलं असतं.

पुन्हा विचारलं, लग्नात उभा राहशील का. हो म्हणाला नाही. पण नाही असंही म्हणाला नाही. आता चेंडू तुझ्याकडे. दिवाळीत अभ्यंगस्नान कर, तिथे उटणं नसेल तर निदान साबण लाव.

रागावलास तरी माझं काही बिघडत नाही, तुझी मोठी बहीण मीच राहणार.

सुलक्षणाताई


इंचॉन,
ता. ७ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. ताईस,

शि. सा. न. वि. वि. ओव्हरटाइमचं मला ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलंच नाही. मी विचारलंही नाही, हे तू लिहिणार आहेस, म्हणून मीच लिहून टाकतो.

बरं, माझ्या तहाच्या अटी ऐक. अनूच्या उजव्या बाजूला मी उभा राहीन, डाव्या बाजूला तो. बोलायची सक्ती नाही. फोटोत एकमेकांकडे बघायची सक्ती नाही. टोपी दोघांची सारख्या उंचीची असावी, नाहीतर अँटेनासारखं व्हायचं. अक्षता पडल्यावर जेवायला एका पंगतीत बसवलंस तरी चालेल, पण समोरासमोर नको, मला घास गिळवत नाही.

हे सगळं गमतीत लिहितोय, पण दादाला सांग की मी येतोय आणि त्याच्या शेजारी उभा राहणार आहे. एवढं सांग. बाकी काही सांगू नकोस, नाहीतर तू तुझ्या पदरचं घालशील.

थंडी अशी आहे की सकाळी बोटं मोजून घ्यावी लागतात. २८ तारखेची वाट बघतोय. तोवर तुमच्या सगळ्यांची आठवण पुरवून पुरवून वापरतो.

तुझा,
जयवंत


इंचॉन,
ता. २१ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,

नमस्कार. वि. वि. तारेने कळवलंच आहे, तरी लिहितो. यंत्राचा मुख्य साचा चाचणीत तडकला. नवा यायला तीन आठवडे. मरोळहून साहेबांचा टेलेक्स आला आहे की चाचणी पुरी केल्याशिवाय निघायचं नाही. मी दोनदा उलट टेलेक्स केला, भाचीचं लग्न आहे म्हणून. उत्तर आलं की अभिनंदन.

विनोद सुचत नाही आज. आईच्या वेळी नव्हतो, आता अनूच्या वेळीही नाही. दादाला वाटेल की मी मुद्दाम केलं. त्याला तसं वाटलं तर मी काय सांगणार? मीही सहा वर्षं तसंच समजत होतो.

अनूला म्हणावं, एकटी चालू नकोस. दादा एकटा पुरेसा आहे. तो आणतो म्हणाला तर त्याला आणू दे. माझा मान व्याह्यांना परत दे.

ह्या खेपेला लोभ असू दे असं लिहायचं धाडस होत नाही.

जयवंत


मुलुंड (पूर्व),
ता. ९ डिसेंबर १९८६

चि. जयवंत यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. लग्न पार पडलं. अनू सासरी गेली. जाताना रडली नाही, म्हणून मी दोघींच्या वाटणीचं रडून घेतलं. जिलेबी कडक झाली होती आणि व्याह्यांचे एक काका तीन वेळा जेवले. आता तुला जे हवं ते सांगते.

तुझी तार आली त्या दिवशी मीच ती घेऊन वाकोल्याला गेले. दादाने वाचली, घडी घातली आणि वॉचमनच्या शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, मी सांगत नव्हतो का. त्याने फक्त विचारलं की साचा तडकला तर जयवंताक काय लागला-बिगला नाय ना.

लग्नाच्या दिवशी पांढरं धोतर, टोपी, मिशी कोरलेली, असा तो सकाळी सातलाच हॉलवर हजर. आपल्या ड्युटीच्या सवयीने आधी दोन्ही दरवाजे तपासले. गौरीहरापाशी अनूने त्याच्याकडे पाहिलं. हा डाव्या बाजूला उभा राहिला, तिचा डावा हात धरला आणि निघाला. हॉलमध्ये खुर्च्यांमधली वाट अरुंद. हा डाव्या खुर्च्यांना घासत चाललेला, पोरगी मधोमध, आणि उजवीकडे हातभर जागा मोकळी. लोक कुजबुजायला लागले. भटजींनी खूण केली की मुलीला नीट मध्ये घ्या. ह्यांचे चुलत भाऊ धोंडूभाऊजी, तुला माहीत आहेत, कुठेही मदतीला धावतात, ते उठून उजवीकडे येऊन उभे राहिले, की बाजू रिकामी वाईट दिसते. दादाने त्यांना थांबवलं. साकीनाक्याच्या गेटवर लावतो ना, तो आवाज लावला. इथे माणूस आहे म्हणाला. धोंडूभाऊजी इकडेतिकडे बघायला लागले. तेव्हा दादा म्हणाला, मुलीचा धाकटा मामा आहे, तुम्ही बसा. ते मुकाट जाऊन बसले.

फोटोवाला ओरडत होता की मामा, जरा मध्ये सरका, फ्रेम बिघडते. हा हलला नाही. त्यामुळे एकाही फोटोत अनू मधोमध आलेली नाही, सगळ्यांत उजवीकडे भिंत दिसते. आणि टोमणा मारायला मला त्या वेळी एकही शब्द सुचला नाही, हे तुला एकट्याला सांगते, कुठे बोलू नकोस.

तुझी टोपी आणि उपरणं परत दिलेलं नाही. दादाने ते व्याह्यांकडून स्वतः हात जोडून घेतलं, तुझ्या नावाने, आणि वाकोल्याला नेलं. प्रेमाकडे नाही दिलं. त्याच्याच ट्रंकेत आहे. ये आणि माग.

सोबत त्याची चिठ्ठी आहे. लग्नानंतर दोन संध्याकाळी लिहीत होता म्हणे. मी उघडून वाचलेली नाही असं लिहिणार होते, पण एवढी थोर मी नाही.

सांभाळून ये. माया तिथेच आहे, जिथे तू टाकून गेलास.

सुलक्षणाताई


वाकोला,
ता. ८ डिसेंबर १९८६

चि. जयवंत यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. अनूचं लग्न चांगलं झालं. तुझी जागा तुझ्यासाठी ठेवली होती, ती कोणाला दिली नाही. ताईने सांगितलं असेलच, ती काही ठेवत नाही.

थंडी फार आहे असं प्रेमा म्हणते. कान झाकून कामावर जात जा. साच्याजवळ हात घालू नको, दुसऱ्याचं यंत्र आहे.

आईच्या वेळचं लिहितो. तार मी शुद्ध मनाने केली, पत्ता चुकला. पण ते सोड. गावातले चार जण म्हणाले की जयवंतासाठी थांबू नका, उशीर होतोय, आणि मी मान हलवली. एक दिवस आईला ठेवता आलं असतं. कोणी मला बांधलं नव्हतं. हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं होतं. तू ओरडलास तेव्हा तू बरोबर होतास. मी गप्प राहिलो, ते चुकलं. सहा वर्षं झाली, आज लिहितो.

तुझा दादा,
दशरथ